नाण्यांवरील स्त्री आणि आपला पेडणे-डिचोलीचा मुलूख

महोत्सव पंचवीस वर्षांचा असला तर आपण त्यास रौप्य म्हणतो, पन्नास वर्षांचा असला तर सुवर्ण. रुपे आणि सोने हे दोन्ही नाण्यांचेच धातू. तेव्हा आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी अंकात नाण्यांविषयी थोडे लिहिले तर ते अप्रस्तुत होणार नाही, असे आम्हांला वाटले. विषय मात्र बेताचा घेतला आहे. नाण्यांवर ज्या स्त्रिया आल्या त्यांच्याविषयी लिहावयाचे. आणि त्यांतही पेडणे, डिचोली, साखळी, म्हापसे या बाजारांतून ज्यांची मुद्रा फिरली त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावयाचे. हा अंक घरोघरी जातो, तो वाचणाऱ्यांत भगिनी पुष्कळ असतात, आणि घरातील जुनी नाणी बहुधा त्यांच्याच पेटीतून निघतात.

प्रथम विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करू. नाणे म्हणजे ठराविक वजनाचा आणि ठराविक कसाचा धातूचा तुकडा, व त्यावर त्या वजनाची व कसाची हमी देणारी छाप. छाप नसेल तर प्रत्येक व्यवहाराला तराजू आणि कसोटीचा दगड घेऊन बसावे लागेल. छाप म्हणजे कोणीतरी पुढे होऊन 'याला मी जबाबदार' असे म्हणणे. हा 'मी' कधी राजा असतो, कधी देव असतो, कधी नुसते राज्य असते. म्हणून नाण्यावर कोणाचे मुख आले हे पाहताना, ते मुख कोणाच्या गौरवासाठी आले यापेक्षा, लोकांचा विश्वास कोणावर बसेल असे टांकसाळवाल्यास वाटले, हे आधी पाहावे.

आपल्या देशातील सर्वांत जुनी नाणी ठशांची, म्हणजे आहत. त्यांवर सूर्य, डोंगर, झाडे, प्राणी अशी चिन्हे आहेत. राजाचे मुख नाही. मुख कोरण्याची चाल ग्रीक राजांबरोबर वायव्येकडून आली. कुषाणांच्या नाण्यांवर देवी दिसू लागल्या, आणि गुप्तांच्या सोन्याच्या दिनारांवर लक्ष्मी स्थिर झाली. पण हाडामांसाची स्त्री पाहावयाची तर चौथ्या शतकातील पहिल्या चंद्रगुप्ताचे नाणे पाहावे. त्यावर राजा आणि राणी समोरासमोर उभी आहेत, राणीचे नाव कुमारदेवी असे स्पष्ट कोरले आहे, आणि पाठीमागे देवीच्या मूर्तीशेजारी 'लिच्छवयः' ही अक्षरे आहेत. लिच्छवी हे राणीचे माहेर. गुप्तांचे राज्य तेव्हा नवे होते, लिच्छवींचे कूळ जुने व नामांकित होते. सासरच्या नाण्यास माहेरच्या नावाचा आधार घ्यावा लागला, असे हे उदाहरण आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. गोव्याच्या कदंबांचे सोन्याचे गद्याण प्रसिद्ध आहे. त्याच्या एका बाजूस सिंह असून दुसऱ्या बाजूस श्रीसप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने राज्य मिळाल्याचा लेख नागरी अक्षरांत आहे. हा सप्तकोटीश्वर मूळ दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे गावी नेण्यात आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. म्हणजे ज्या देवाच्या नावावर कदंबांचे सोने चालत होते, तो देव आज डिचोली तालुक्यात आहे. नार्व्याच्या यात्रेस जाणाऱ्या किती जणांस हे ठाऊक असते? याच कदंबांपैकी शिवचित्त परमाडिदेव याची राणी कमलादेवी मोठी कर्तबगार होती. बेळगाव जिल्ह्यातील देगावचे कमलनारायणाचे सुंदर देऊळ तिने बाराव्या शतकात बांधविले. तिचे नाव शिलेवर राहिले. सोन्यावर मात्र सिंह आणि सप्तकोटीश्वरच राहिले.

चौदाव्या-पंधराव्या शतकांत गोवा काही काळ विजयनगरच्या ताब्यात होता. त्या राज्याच्या सोन्याच्या वराहांवर उमा-महेश्वर, लक्ष्मी-नारायण अशा जोड्या बसलेल्या दिसतात. सराफकट्ट्यावर हे नाणे इतके मानले जाई की पुढे राज्ये बदलली तरी ठसा बदलेना. अठराव्या शतकात हैदर अलीने बेदनूर जिंकल्यावर स्वतःचे होन पाडले, त्यांवरही शिव-पार्वती तशीच ठेवली आणि पाठीमागे आपल्या नावाचे एक फारसी आद्याक्षर घातले. त्याच्या पाच-साडेपाच शतके आधी मुहम्मद घोरी याने उत्तरेत सोन्याचे नाणे पाडले, त्यावरही बसलेली लक्ष्मी होती आणि राजाचे नाव नागरी लिपीत होते. हे वाचून कोणास नवल वाटेल, कोणास ते रुचणारही नाही. पण बाजाराचा न्याय निराळा असतो. शेतकरी व व्यापारी ज्या छापेवर डोळे मिटून विश्वास ठेवतात ती छाप कोणताही शहाणा राज्यकर्ता घाईने पुसत नाही.

सामान्यतः मुसलमान राजांच्या नाण्यांवर चित्र नसते, लेख असतो. शुक्रवारच्या खुत्ब्यात नाव आणि नाण्यावर नाव, ही सार्वभौमत्वाची दोन लक्षणे मानली जात. दिल्लीच्या तख्तावर १२३६ ते १२४० पर्यंत बसलेल्या रझियेने आपल्या नावाची नाणी पाडली, आणि त्यांवर 'सुलतान' हीच पदवी घेतली. लोक सवयीने तिला रझिया सुलताना म्हणतात, तिने स्वतः तसे म्हटलेले नाही. नूरजहानचे नाव जहांगीरच्या अखेरच्या वर्षांत सुरत, अहमदाबाद, आग्रा अशा टांकसाळींच्या नाण्यांवर आले. खुत्ब्यात मात्र आले नाही. अकबराच्या कारकिर्दीच्या पन्नासाव्या वर्षी निघालेल्या एका छोट्या नाण्यावर तर धनुर्धारी राम आणि त्याच्या मागे चालणारी सीता आहे, व वर नागरीत 'राम सीय' असे लिहिले आहे. ज्यांना चित्र नको होते त्यांच्या नाण्यावर खऱ्या राज्यकर्त्या स्त्रीचे नाव आले, आणि ज्यांना चित्र हवे होते त्यांनी बहुधा देवीचे घातले. यात कोण पुढे आणि कोण मागे हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. पण एक लक्षात ठेवावे, की मुख दिसणे आणि अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य केले. त्यांच्या महेश्वरच्या टांकसाळीतील रुपयावर त्यांचे मुख नाही. दिल्लीच्या शाह आलमचे नाव आहे आणि शिवलिंग व बेलाचे पान आहे. ते बेलाचे पान पाहूनच लोक ओळखत, की हा रुपया बाईंचा.

आफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० साली गोवा घेताच त्याच वर्षी येथे टांकसाळ घातली. त्याच्या नाण्यांवर क्रूस आणि पोर्तुगालच्या राजाचे गोलयंत्र होते. पण नावे मात्र बरीचशी येथलीच राहिली. गोव्यात सोन्या-चांदीच्या नाण्यांस 'शेराफीं' म्हणत, ते अरबी 'अश्रफी'वरून आले. 'पार्दांव' हा 'प्रताप' या दक्षिणी नाण्याच्या नावाचा अपभ्रंश. 'तांग' म्हणजे आपला टंक. नाणे पाडणारा परका असला तरी त्याची हाक आपल्या बाजाराने ठरविली. पुढे अठराव्या शतकात तर पोर्तुगीजांनी शेरशहाच्या काळापासून चालत आलेला 'रुपया' हाच शब्द 'रुपीया' म्हणून उचलला.

पेडणे-डिचोलीच्या वाचकांनी पुढील तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. पोर्तुगीजांनी डिचोली १७८१ साली घेतली, त्यापाठोपाठ सत्तरी, आणि पेडणे १७८८ च्या तहाने कायमचे त्यांच्याकडे गेले. याच काळात लिस्बनच्या गादीवर कोण होते? दोना मारिया पहिली. १७७७ साली ती राणी झाली. स्वतःच्या हक्काने पोर्तुगालच्या गादीवर बसलेली ती पहिली स्त्री. तिचा नवरा दों पेद्रू तिसरा हा तिचा चुलता होता, आणि तोही राजा म्हणवीत असे. त्या वेळच्या गोव्याच्या रुपीयावर दोघांची मस्तके एकमेकांना लागून कोरली आहेत. १७८६ साली पेद्रू वारला. मग नाण्यावर एकटी राणी राहिली. आपल्या महालांत नवे राज्य आले ते असे एका स्त्रीची मुद्रा हातात घेऊन. शिवराईची आणि फारसी अक्षरांच्या रुपयांची सवय असलेल्या डिचोलीच्या दुकानदाराने ते विलायती मस्तक पहिल्यांदा पाहिले असेल तेव्हा तो काय म्हणाला असेल कोण जाणे! बहुधा त्याने ते नाणे दगडावर वाजवून पाहिले असेल आणि बट्टा किती, एवढेच विचारले असेल.

बिचारी राणी मारिया! १७९२ च्या सुमारास तिचे मन बिघडले. कारभार मुलाच्या हाती गेला. तरी पोर्तुगालची नाणी १७९९ पर्यंत तिच्याच नावाने निघत राहिली. ज्या बाईला स्वतःच्या खोलीतून बाहेर काय चालले आहे याचे भान नव्हते, तिच्या नावावर समुद्रापार व्यवहार होत होते.

तिची पणती, म्हणजे नातवाची मुलगी, मारिया दुसरी. सात वर्षांची असताना १८२६ साली ती राणी झाली, मग चुलत्याने गादी बळकावली, यादवी झाली, आणि १८३४ पासून १८५३ पर्यंत तिने राज्य केले. तिचे मुख असलेले रुपीये गोव्याच्या टांकसाळीत पडले. ते जवळून पाहिले तर हसू येते. येथल्या कारागिराने राणीला कधी पाहिलेले नव्हते. हनुवटी, केसांचा अंबाडा, मान ही सगळी त्याने ऐकीव कोरली आहेत. पणजीस मोठ्या पोस्टाजवळ 'काझा द मोएद' नावाचे जुने घर आजही त्याच नावाने ओळखतात; तेथे एकेकाळी टांकसाळ होती. सहलीस मुलांना नेताना शिक्षकांनी ते अवश्य दाखवावे.

यानंतरची बाई सर्वांच्या ओळखीची. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली तह झाला. त्यानुसार गोव्याचा रुपीया ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाच्याच वजनाचा व कसाचा झाला, सोळा तांगांचा हिशेब ठरला, आणि १८८१ ची नवी नाणी ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळीतून आली. त्यांवर राजा दों लुईश होता. पण तेरेखोलच्या पलीकडे सावंतवाडी-बांद्याच्या बाजारात आणि अलीकडे पेडण्यातही जो रुपया लोकांनी मनापासून साठविला तो 'राणीछाप'. व्हिक्टोरियेचे १८४० चे नाणे साध्या केशरचनेचे आहे; १८६२ पासूनच्या नाण्यावर मुकुट, भरजरी पोषाख आणि गळ्यात हार आला; १८७७ पासून 'राणी' जाऊन 'सम्राज्ञी' हा किताब आला. वजन बरोबर एक तोळा, बारा भागांतील अकरा भाग शुद्ध चांदी. सोनाराकडे वजन नसले तर राणीछाप रुपया तराजूत टाकीत. लक्ष्मीपूजनास तोच, बाळाच्या बारशास तोच, आणि आमच्या घरांतून ईदीसाठी जपून ठेवलेलाही तोच.

आमच्या वर्गातील एका मुलीने असाच एक रुपया आणून विचारले, "सर, बाईचे राज्य होते, तर तेव्हा बायकांना पुष्कळ हक्क असतील ना?" प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर असे, की व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर बसली, आणि तिच्याच इंग्लंडात विवाहित स्त्रीला आपल्या मालमत्तेवर पुरा हक्क मिळावयास १८८२ चा कायदा यावा लागला. तोपर्यंत सर्वसाधारण कायद्याने लग्न झाले की बायकोचा पैसा नवऱ्याचा. मताचा हक्क तर राणी वारल्यानंतर सतरा वर्षांनी, १९१८ साली, आणि तोही तीस वर्षांवरील काही स्त्रियांना. राणीच्या मुखाचे नाणे इंग्रज गृहिणीच्या हातात होते, पण ते कायद्याने तिचे नव्हते.

गोव्याच्या नाण्यावरची यानंतरची स्त्री तर कोणीच नव्हती! १९१० साली पोर्तुगालात राजेशाही गेली, गणराज्य आले, आणि १९१२ च्या रुपीयावर एका स्त्रीचे मस्तक आले. तिला नाव नाही, माहेर नाही, सासर नाही. ती म्हणजे गणराज्य, स्वातंत्र्याची कल्पना. या गणराज्याने गोव्यातील हिंदूंना बरोबरीचे नागरिक मानले, हे त्याचे उपकार विसरता येत नाहीत. पण त्या मुखाविषयी एक हकिगत सांगण्याजोगी आहे. १९११ च्या निवडणुकीत लिस्बनमध्ये कारोलिना बेआत्रिश आंझेलू या डॉक्टर बाईने मत दिले. कायद्यात मतदार साक्षर किंवा कुटुंबप्रमुख असावा एवढेच होते, पुरुष असावा असे नव्हते. बाई विधवा होती, म्हणून कुटुंबप्रमुख होती. न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले. गणराज्याने काय करावे? १९१३ साली कायदाच दुरुस्त करून त्यात 'पुरुष' हा शब्द घातला. स्त्रीचे मस्तक चांदीवर आल्यानंतर एकाच वर्षात हे झाले.

म्हणून छापेवरचे मुख बाजूस ठेवून, नाणे स्त्रीच्या हातात कसे आले याकडेही पाहिले पाहिजे. कोकणपट्टीत पुतळ्यांची माळ प्रसिद्ध आहे. पुतळी हे मूळचे व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे, सुमारे साडेतीन ग्रॅम, जवळजवळ निर्भेळ. त्यावर तेथील अधिपती संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला आहे. आपल्या लोकांनी त्यात जोडपे पाहिले, नाव पुतळी ठेविले, आणि पुढे आपल्या सोनारांनी राम-सीतेच्या, लक्ष्मीच्या पुतळ्या घडविल्या. माळ गळ्यात असे, पण खरे पाहता ती बँक होती; दुष्काळात, आजारपणात, मुलाच्या शिक्षणाला एकेक पुतळी उतरत असे. मुसलमान घरांत निकाहनाम्यावर मेहरचा आकडा लिहिताना 'सिक्का राइजुल वक्त' असे शब्द घालण्याची जुनी चाल आहे. अर्थ असा, की देण्याच्या वेळी जे नाणे चालू असेल त्यात. राज्य बदलले, टांकसाळ बदलली, तरी बाईचे देणे बुडू नये म्हणून ही खबरदारी. मेहर ही पत्नीची स्वतःची मालमत्ता. तीवर बापाचाही हक्क नाही आणि नवऱ्याचाही. हे आम्ही बढाई म्हणून सांगत नाही. कागदावर आकडा असतो आणि हातात काही पडत नाही अशी घरे आम्ही पाहिली आहेत, वाचकांनीही पाहिली असतील.

गोव्यात आणखी एक गोष्ट आहे. पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून येथे लागू झाला. निराळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सर्वांस. त्या मूळ कायद्याने कारभार मात्र नवऱ्याकडे दिला होता, आणि बायकोच्या संमतीवाचून स्थावर विकता येणार नाही एवढी वेसण ठेवली होती. तरीही अर्धी मालकी ही लहान गोष्ट नव्हे. बायकोची सही लागते म्हणून नोटरीच्या कचेरीत ज्यांचा हात धरून अक्षरे गिरवून घेतली, अशा आजीबाई पूर्वी होत्या. त्यांना आपण कशावर सही केली हे वाचता आले असते तर? नाण्यांच्या लेखात शाळेची गोष्ट येते ती अशी.

पुढील हकिगत लवकर आटोपतो. १९३५ पासूनच्या रुपीयांवर चिन्हेच राहिली, मुख गेले. पुढे रुपीया जाऊन एस्कुदो आला, एका रुपीयास सहा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मग भारताचा रुपया आला, अशोकाच्या सिंहांचा. कदंबांच्या सिंहानंतर इतक्या शतकांनी पुन्हा सिंहच! स्वतंत्र भारताच्या नाण्यावर पहिले मुख १९६४ साली पंडित नेहरूंचे आले. पेडण्यास जन्मलेल्या शशिकलाताई काकोडकर १९७३ साली गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या, तेव्हा स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर कोणत्याही ऐतिहासिक स्त्रीची मुद्रा अद्याप उमटलेली नव्हती. इंदिरा गांधींचे नाणे १९८५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. त्यातील पन्नास पैशांचे पुष्कळांच्या हाती आले. त्यानंतर संत अल्फोन्सा २००९ साली, मदर तेरेसा २०१० साली, गझलगायिका बेगम अख्तर २०१४ साली, नागा स्वातंत्र्यसैनिक राणी गाइदिन्ल्यू २०१५ साली, अशी स्मारक नाणी निघाली. श्री माता वैष्णोदेवी मंदिर मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली देवीही नाण्यावर परत आली. आणि अहिल्याबाईंचे मुख, जे त्यांनी आपल्या रुपयावर घातले नव्हते, ते त्रिशताब्दीनिमित्त २०२५ साली तीनशे रुपयांच्या स्मारक नाण्यावर आले.

आम्हांला स्वतःला यांपैकी सर्वांत आवडते ते नाणे यांतील कोणत्याही थोर बाईचे नाही. १९८० साली ग्रामीण महिलांच्या प्रगतीनिमित्त दहा आणि पंचवीस पैशांची नाणी निघाली. त्यांवर खेड्यातील एक काम करणारी स्त्री आहे. तिला ना मुकुट, ना नाव. किंमत चार आणे, म्हणून ती बसच्या तिकिटाला, गोळ्यांना, देवाच्या पेटीत, फकिराच्या वाडग्यात, सगळीकडे गेली. एकही राणी इतक्या हातांतून गेली नसेल. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून रद्द झाली. इंदिराजींचे पन्नास पैसे कायद्याने अद्याप चालतात. त्या बाईचे चार आणे चालत नाहीत.

आता पेटी उघडणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना. जुने नाणे राखेने, चिंचेने किंवा लिंबाने घासू नये; चमक येते पण अक्षरे झिजतात, आणि नाण्याचा जीव अक्षरांत असतो. काठाला धरावे, मऊ कापडात गुंडाळावे. त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलकेच फिरविली की ठसा कागदावर उमटतो. मुलांना हा खेळ फार आवडतो व वाचनही होते. शेतात, बागायतीत खणताना नाण्यांचे गाडगे सापडले तर ते परस्पर वाटून घेऊ नये. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे असा १८७८ चा कायदाच आहे. आणि घरच्या नाण्याच्या पुडीत एक चिठ्ठी घालून ठेवावी: नाणे कोणत्या आजीचे, तिला ते माहेरून आले की मेहरमध्ये की बाजारात भाजी विकून, आणि तिचे पूर्ण नाव.